पाथरीच्या पुढे समुद्र

२ फेब्रुवारी, रविवार
भागवतनं मोबाईलवर दाखवलं. कोकणात मुरुडच्या समुद्रावर बुलेटवाल्यांचा मेळावा आहे. तारीख १४ ते १६. भागवत माझा शाळेपासूनचा दोस्त, सेलूत त्याचं मोबाईलचं दुकान. तो म्हणाला, चल, दोघं जाऊ. असले निर्णय भावनेच्या भरात घ्यायचे नसतात. जाण्यात अर्थ आहे का, हे सर्व बाजूंनी तपासणार.

३ फेब्रुवारी, सोमवार
जाण्याच्या बाजूनं: वय एकोणपन्नास, समुद्र अजून पाहिलेला नाही. बुलेट आपल्या मालकीची, पण परभणीच्या पुढं गेलेली नाही.
विरोधात: जिनिंगचा सीझन. वजनकाट्यावर मी नसलो तर कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनपर्यंत जाईल.
राजेश्रीला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, जावा की. बायकोनं इतक्या लवकर हो म्हटलं की माणसानं सावध व्हावं.

५ फेब्रुवारी, बुधवार
जिनिंगचे मालक भगवानराव यांच्याकडे सुट्टीचा विषय काढला. नाही म्हणतील अशी खात्री होती. म्हणाले, आठ दिवस जावा, काट्यावर कुणीबी बसंल. परिस्थितीचं गांभीर्य त्यांना कळलेलं नाही.
नवा मुद्दा: खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. यावर अजून वाचलं पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार
घोळ झाला. चहाच्या टपरीवर सहज बोललो, जायचं म्हणायलोय. संध्याकाळपर्यंत जिनिंगमध्ये सत्कार. शाल, नारळ. भगवानराव बोलले, आपला काट्यावरचा माणूस समुद्रावर निघाला. मलाही उभं केलं. मी साहस या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या.
माझा निर्णय अजून झालेला नाही, पण हे आता कुणाला सांगणार.

१० फेब्रुवारी, सोमवार
लांबच्या प्रवासाला कंबर मजबूत पाहिजे. पहाटे उठून व्यायाम करायचं ठरवलं. उठलो तेव्हा ऊन अंगणात आलेलं. उद्यापासून.

११ फेब्रुवारी, मंगळवार
झोपेलाही व्यायामाइतकंच महत्त्व आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
सकाळी राजेश्रीनं ओवाळलं. गल्ली बाहेर आली होती. भागवत पुढं, मी मागं. सुरुवात उत्तम झाली.
पाथरीत चहाला थांबलो आणि गाडीवरून उतरता येईना. कंबर धरली. भागवतनं आणि हॉटेलवाल्यानं दोन्हीकडून धरून उतरवलं. साडेपाचशेपैकी पंचवीस किलोमीटर झाले होते. प्रवासाचा सुरुवातीचा भागच अवघड असतो, तो संपला.
माझी थोरली बहीण कुसुमताई पाथरीतच राहते. भागवत थांबतो म्हणत होता. मी म्हणालो, तू हो पुढं, तासाभरात गाठतो.

संध्याकाळ
ताईनं वीट तापवून शेक दिला. दाजी दत्तराव म्हणाले, आज ऱ्हावा, उद्या बघू. मूळ प्लॅनमध्ये किरकोळ बदल.
राजेश्रीचा फोन आला. कुठवर गेलात? खरं सांगणारच होतो. बीडच्या पुढं, असं तोंडातून गेलं. ताईला म्हणालो, घरी कळवू नको. ताई म्हणाली, मला काय करायचंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज उभं राहता येतं. बसता येत नाही. बुलेट उभ्यानं चालवता येत नाही, हा तिच्या रचनेतला दोष आहे.
राजेश्रीला पुण्यात आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, लय गर्दी आसंल. मी म्हणालो, लय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मेळावा सुरू झाला. भागवतचा फोटो आला. गाड्याच गाड्या, त्यामागं पाण्याची एक पट्टी. समुद्र अपेक्षेपेक्षा लहान वाटला. जाण्यात अर्थ आहे का, याचा फेरविचार करायला हरकत नाही. उद्या पहाटे निघालो तर शेवटचा दिवस अजून मिळू शकतो.
संध्याकाळी फोन. राजेश्री म्हणाली, दिसला का? मी म्हणालो, दिसला. कसा हाय? मोठा आहे, म्हणालो. ती म्हणाली, आणखी सांगा की.
गर्दीमुळे आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. ताईच्या अंगणात मी आणि कोंबड्या होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे निघालो नाही. कारण तेच.
दाजी म्हणाले, कॅनॉलला पाणी सुटलंय, चला तेवढंच बघून या. ऑटोच्या मागच्या सीटवर आडवा पडून गेलो. काठावर उभा राहिलो. पाणी बघत गेलो तसं बाकीचं दिसेनासं झालं.
फोनवर राजेश्रीला सांगितलं: पाणी येतं, पायाला लागतं, परत जातं. जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं. आपण जागेवरच असतो, पण वाटतं, आपणच निघालोय.
हे कुठून सुचलं, माहीत नाही. ती म्हणाली, चपला सांभाळा.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज मेळावा संपला. म्हणजे प्रश्न निकालात निघाला. जाण्यात फारसा अर्थ नव्हता, असा माझा स्पष्ट निष्कर्ष.
भागवतचा फोन आला. लय भारी झालं म्हणाला. मग म्हणाला, तू पायजे होतास राव. मी फोन ठेवला. ताईनं विचारलं, डोळ्याला काय झालं. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब डोळ्यात गेली, असं सांगितलं. मी शेतात गेलोच नव्हतो.
जेवलो नाही. भिंतीकडं तोंड करून पडलो. त्या कुशीवर कंबरेला बरं वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
बुलेट ताईकडंच ठेवली. एसटीनं सेलूला आलो, उभ्यानं. घरी काय सांगायचं, ते वाटेत पाठ केलं: गाडी सर्व्हिसिंगला, पुण्याचे रस्ते खराब, समुद्र खारट.
राजेश्रीनं दार उघडलं. म्हणाली, कंबर कशी हाय?
कंबरेबद्दल मी तिला काहीच बोललो नव्हतो.
ताईनं पहिल्याच दिवशी फोन केला होता. लेक सृष्टी हसत म्हणाली, बाबा, तुमचा फोन आई स्पीकरवर लावायची. शेजारच्या सुलाबाई आणि नर्मदाबाई ऐकायला यायच्या. गल्लीला सगळं ठाव हाय.
मी पलंगावर पालथा पडलो. राजेश्रीला विचारलं, माहीत होतं तर रोज कशाला विचारत होतीस? ती म्हणाली, तुमी घरी कधी एवढं बोलता का?

१९ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी सुलाबाई आणि नर्मदाबाई आल्या. हसायला आल्या असतील म्हणून झोपेचं सोंग घेतलं. दोघी पलंगाशेजारी चवड्यावर बसल्या. राजेश्रीनं मला हलवलं. म्हणाली, सांगा.
मी म्हणालो, काय सांगू? मी गेलोच न्हाई.
सुलाबाई म्हणाल्या, ते ठाव हाय. शनिवारी पायाखालची वाळू गेली, पुढं काय झालं?
तिघी माझ्याकडं बघत होत्या. मला पुढचं काहीच माहीत नव्हतं.