कोरड्या हौदातली सर्व्हिस

१४ मार्च
आजही अक्कांची सर्व्हिस परतवता आली न्हाई. चेंडू समोरच्या भिंतीवर आपटतो, डाव्या भिंतीला घासत मागच्या कोपऱ्यात जातो अन् तिथंच मरतो. मी रॅकेट फिरवते तोवर सगळं संपलेलं. अक्का हसत न्हाईत. त्याचाच जास्त राग येतो.

१६ मार्च
लातूर जिल्हा झाला, ह्यांची नांदेडहून पाणीपुरवठ्यात बदली झाली, क्वार्टर्स झाले, मागं मोठा हौद झाला. पाणी तेवढं न्हाई. वर स्लॅबही पडला न्हाई. शेजारच्या महानंदाअक्का उदगीरच्या. अमेरिकेत नवरा वारला, मग इथं भावाकडं आल्या. सोबत दोन आखूड रॅकेटी अन् निळे रबरी चेंडू. म्हणतात, “तिकडं ह्या खेळाला चार भिंतींची खोली असते ग. इथं हौदच खोली.” शिडी लावून उतरतो.

१९ मार्च
टँकर आलाच न्हाई. रांगेत चपराशाची बायको सगळ्यांदेखत बोलली, “आमच्या घागरी कोरड्या, अन् साहेबाच्या बाई हौदात चेंडू मारून राहिल्या.”
ह्यांच्या कानावर गेलं. जेवताना म्हणाले, “शोभा, लोक मला तोंडावर बोलतात. बंद कर ते.”
“मी न्हाई खेळले तर हौद भरणार हाय का?”
हे ताटावरून उठले. बोलायला नको होतं. खोटं नव्हतं, पण नकोच होतं.

२२ मार्च
गेले न्हाई. ज्वारी निवडत बसले. मागून धप्प, धप्प. अक्का एकट्याच. नंतर दारात आल्या.
“भ्यालीस?”
“ह्यांना त्रास होतो.”
“होतो की. विधवेनं उड्या मारू नयेत, असं माझा भाऊबी म्हणतो.” अन् गेल्या.
दिवसभर कशात जीव लागला न्हाई. भाजी करपली.

२५ मार्च
गेले. ह्यांना सांगून गेले.
अक्का म्हणाल्या, “चेंडूमागं पळू नको. माझ्या खांद्याकडं बघ. अन् कोपऱ्यात जायच्या आधी उचल. तिकडं छताला मारून परतवतात. इथं छत म्हणजे आभाळ, म्हणून भिंतीवरच उंच मार.”
तीन चेंडू हौदाबाहेर. एक बाभळीत.

२ एप्रिल
हे धुळीनं माखून आले, पण चेहरा खुललेला. लाइन जोडली म्हणे. “उद्या सकाळी हौदात पाणी सोडायचं.”
“लई बरं झालं,” मी म्हणाले. चहा टाकला. आता खेळायचं कुठं, हेच आधी मनात आलं. घरात पिण्यापुरतं पाणी, अन् मला हे वाटावं! लाज वाटली. तरी वाटलंच.

३ एप्रिल
उजाडताच हौदात उतरलो. अक्कांचा खांदा वळला, मी दोन पावलं आधीच सरकले. उंच मारला. भिंतीला चिकटून मागं गेला, अक्कांची रॅकेट हवेत, चेंडू कोपऱ्यात मेला! “परतवलीस ग!” अक्का ओरडल्या. मीही ओरडले.
वर बघितलं तर काठावर हे, सोबत व्हॉल्व्हवाला. कधीचे उभे होते कोण जाणे. “निघा आता,” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता.
पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. चपराशाच्या बायकोनं ह्यांना हात जोडले. ह्यांचे डोळे भरले. मीही हंडा घेऊन उभी.

६ एप्रिल
अक्का कायमच्या उदगीरला गेल्या. भावाचं काय ते ठरलं, मला नीट सांगितलं न्हाई. रॅकेटी माझ्याकडं ठेवल्या. दोन्ही.
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “आता खेळणार कुणासंगं? अन् कुठं?”
मी एक रॅकेट त्यांच्यापुढं ठेवली. अजून तिथंच हाय. उचलली न्हाई, बाजूलाबी केली न्हाई. हे पेपर वाचून राहिले. पान मात्र कधीचं उलटलं न्हाई.