घरची भाषा

तीर्थरूप अण्णा,

मोशीहून जयमालाचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

स्वरूपाची शाळा चांगली आहे. डच लोकांची संस्था आहे, मी तिथल्या ऑफिसात आहे म्हणून तिला घेतलं. तिथं प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास त्याच्या घरची भाषा शिकवतात. चाकणच्या कंपन्यांतल्या डच, जर्मन साहेबांची मुलं आपापल्या भाषेतले धडे वाचतात. मराठीलाही बाई आहेत.

स्वरूपा त्या वर्गात नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ असा रकाना होता. तेव्हा मी तिथं नवीनच होते; मराठी लिहिलं तर घेणार नाहीत, असं वाटून मी इंग्रजी लिहिलं. तुम्ही गुरुजी म्हणून अर्ध्या तालुक्याला बाराखडी शिकवलीत, आणि तुमच्या मुलीनं हे केलं.

काल फॉर्म दुरुस्त करायला गेले. मुख्याध्यापिका मॅडमनी स्वरूपालाच बोलावून विचारलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “घरी मराठी फक्त आई बोलते. मी इंग्रजीतच उत्तर देते.”

मॅडमनी फॉर्म परत फायलीत ठेवला. म्हणाल्या, “मग तुम्ही बरोबरच लिहिलंय की.”

आईला एवढं वाचून दाखवू नका.

तुमची,
जयमाला