गोड आवाजाची बाई

सोमवार, ६ जानेवारी

शाळेतला नळ आठवला आज. दाबून धरावा लागायचा, सोडला की बंद. म्हणून माझ्या वर्गातली सुनंदा आणि मी – एकीने दाबायचा, दुसरीने ओंजळीने प्यायचं, मग अदलाबदल. बस्स, एवढंच. त्याच नळाशी सिस्टर म्हणाल्या होत्या – नापास मुलींची नावं उद्या तू वाच, तुझ्या आवाजात ती टोचत नाहीत. मला केवढा अभिमान!

तोच आवाज आता कोरमंगलातल्या ऑफिसात कामाला येतो. आजारपणाच्या विम्याचा दावा नाकारला गेला, हे लोकांना फोनवर सांगायचं – हे आमच्या टीमचं काम. गोड 'नाही' म्हणायचा धंदा. मी टीम लीडर. ते एक वेळ ठीक. पण हल्ली दुसऱ्या टीममधल्या कुणाला कामावरून काढायचं असलं, तरी मलाच बोलावतात.

आज गिरीराज. काचेची खोली, लिंबाच्या वासाचा फवारा, टिश्यूचा डबा. हातात दिलेल्या कागदावर सूचना – माफी मागू नये, पाणी देऊ नये. पाण्याने म्हणे बोलणं लांबतं! मी माझी स्टीलची बाटली नेतेच. गिरीराज प्यायला, बाटलीचं तोंड रुमालाने पुसून परत दिली, "थँक्यू, अम्मा" म्हणाला. थँक्यू!

नंतर एच.आर.चा किरणकुमार – माझ्या मुलाच्या वयाचा – खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही, अम्मा. देणगी आहे ही." घरी येऊन खांदा साबणाने घासला.

बुधवार, ८ जानेवारी

डबा खाताना माझ्या टीममधली हेमावती शेजारी बसलेल्या प्रेमाला माझी नक्कल करून दाखवत होती. माझाच चष्मा नाकावर, मान तिरकी. "आधी नाव घ्यायचं. मग थांबायचं. मग एकाच वाक्यात सांगून टाकायचं. आणि मग – गप्प!" प्रेमाला ठसका लागला.

"रागावलात, अक्का?"

"नाही ग. पण मी इतकी मान तिरकी करते?"

"स्वल्प जास्तच!"

ही हेमावती आली तेव्हा फोनवरच्या माणसाबरोबर स्वतःच रडायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत, बोम्मसंद्र्याहून रोज बस. बोलायला मी शिकवलं. आता माझ्यापेक्षा छान बोलते.

गुरुवार, ९ जानेवारी

किरणकुमार म्हणाला, या वेळी तुमच्याच टीममधलं एक जण. पुढच्या शुक्रवारी. कोण, म्हटलं. "कळेल की, अम्मा!" कोथिंबीर संपली म्हणून सांगावं, तसा सूर.

दुपारी त्याने हेमावतीला आत बोलावलं, दार लावून घेतलं. बाहेर आली तर डोळे लाल. मी विचारलं. "काही नाही, अक्का." माझ्याकडे बघेना.

म्हणजे हेमावती. आणि सांगायचं कुणी? मी!

शुक्रवार, १० जानेवारी

ओकारी येते. त्या लिंबाच्या वासाची, त्या किरणकुमारच्या हसण्याची – आणि या आवाजाची. सकाळी देवापुढे स्तोत्र म्हणताना स्वतःलाच ऐकलं. मध्येच गप्प बसले.

सोमवार, १३ जानेवारी

संक्रांत उद्या, ऑफिसात आजच. एच.आर.तर्फे सगळ्यांना एळ्ळु-बेल्लचे डबे – तीळ, गूळ, खोबरं, वर साखरेचा पोपट. किरणकुमार रेशमी धोतर नेसून मिरवत होता. "एळ्ळु-बेल्ल खा, गोड बोला, अम्मा!" तळहातावर तिळगूळ ठेवून आईही हेच म्हणायची. तिचा हात उबदार असायचा. या माणसाच्या तोंडी तेच शब्द नासक्या दुधासारखे वाटले.

तिथेच सांगितलं – "हेमावतीला मी काही सांगणार नाही. दुसरं कुणी बघा."

हसला. "तुम्हाला काही सांगावं लागणारच नाही, अम्मा. प्रॉमिस."

इतकं सहज? मीच जिंकले म्हणायचं. पण काय जिंकले? तिची नोकरी जायची ती जातेच आहे, फक्त माझं तोंड विटाळणार नाही. शी! डबा उघडलासुद्धा नाही, टेबलावर तसाच.

मंगळवार, १४ जानेवारी

आयुष्यात पहिल्यांदा कुणालाच तिळगूळ दिला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

बाटली भरायला गेले, तर मागून हेमावती आली. "अक्का, समोरचं माणूस अगदी जवळचं असलं, तर कसं सांगायचं?"

म्हणजे कळलंय हिला, आणि आता घरी नवऱ्याला कसं सांगावं, हा घोर लागलाय! म्हटलं, "तसंच सांगायचं. नाव घ्यायचं, थांबायचं, एक वाक्य. लांबवायचं नाही ग. लांबवलं की जास्त दुखतं."

"सरी, अक्का." बरं म्हणाली, पण जाईना. माझा हात धरून उभी राहिली.

ठरलं. उद्या सकाळी किरणकुमारकडे जाऊन सांगणार – तिच्याऐवजी मला काढा. माझं वय होतच आलंय, डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, माझ्या मिळकतीवर कुणी अवलंबून नाही. तिचं तसं नाही. या तोंडाचा एकदा तरी काही उपयोग होऊ दे.

शुक्रवार, १७ जानेवारी

बोलायला वेळच मिळाला नाही. गेल्या गेल्या काचेच्या खोलीत बोलावलं. नेहमीच्या माझ्या खुर्चीत हेमावती.

"अक्का," म्हणाली. आणि थांबली.

मग एकाच वाक्यात सांगितलं. मान तिरकी. मग गप्प. माझ्यापेक्षा छान. टेबलावर पाणी नव्हतं.

तिची नोकरी राहिली. टीमही आता तिचीच.

काढलेल्या माणसाला आपल्या टेबलाशी परत जाऊ देत नाहीत. प्रेमाला फोन करून सांगायचं – खुर्चीवरची शाल तिने ठेवावी, ए.सी.च्या तोंडाशी बसते. मनी प्लांटही तिलाच. एळ्ळु-बेल्लचा डबा किरणकुमारला, न उघडता. स्टीलची बाटली हेमावतीला, त्या खोलीत न्यायला. भरून द्यायची.