पंचवीसच्या आत

१४ एप्रिल, सोमवार

एसीवर बर्फ धरलाय. आतल्या युनिटचं झाकण उचलून बघितलं तर जाळीमागे पांढरा थर, फ्रीजरमध्ये साचतो तसा. आणि खोली मात्र गरम! साडेदहाला भिंतीवरच्या थर्मामीटरवर सव्वीस, बाराला अठ्ठावीस. मग ह्यांचा फोन — किती आहे? लोकांचे नवरे फोन करून जेवलीस का विचारतात, माझा नवरा खोलीचं तापमान विचारतो. दिवसातून चार वेळा. मी चोवीस सांगितलं. खरं सांगितलं असतं तर गोदामातलं काम टाकून धावत आले असते. मागच्या उन्हाळ्यात असे दोनदा आले आणि साहेबाची बोलणी खाल्ली.

दोन वाजेपर्यंत पाय जड झाले. डाव्या डोळ्यापुढे धुरकट. ओला टॉवेल अंगावर घेऊन पडून राहिले. टाइप करायची सोळा पानं तशीच पडली.

संध्याकाळी ह्यांनी आल्या आल्या थर्मामीटर बघितला, मग मला. बादलीत गार पाणी आणलं, जमिनीवर बसून माझे पाय त्यात ठेवले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते असे खाली बसले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

कंपनीचा मेकॅनिक आला. दहा मिनिटांत निदान — गॅस संपलाय. भरला आणि गेला. दरवर्षी कसा काय संपतो, असं मी विचारलं. म्हणाला, ताई, तुम्ही चोवीस तास चालवता, मग काय होणार? मला अपराध्यासारखं झालं. जणू मीच तो रोज पेल्यात ओतून पिते.

खोली तेवीस. पाय माझे परत.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज काम संपवूनही वेळ उरला. वेळ उरतोच. बारा पावलं लांब, दहा पावलं रुंद. पलंग, टेबल, कपाट, खुर्ची. खिडकीच्या काचेला चंदेरी कागद, ऊन येऊ नये म्हणून. दाराखाली रबराची पट्टी, गारवा जाऊ नये म्हणून. दोन्ही ह्यांनी स्वतः बसवलं. इतकं नीट की बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, हे मला घड्याळावरून कळतं. स्वयंपाकघरात सकाळी सातच्या आत जाऊन यायचं. मग दार ओढून घ्यायचं ते थंडी पडेपर्यंत. हा पाचवा उन्हाळा.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते. एकोणीस वर्षं. परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे, पोरांचे भाजलेले हात. एका मे महिन्यात जिन्यातच पाय गेले. नसांचा आजार निघाला. मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या दिवशी मला चक्कर येत होती म्हणून मी बाहेर बाकावर आडवी होते, आत हे एकटेच गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा कागदासारखा. म्हणाले, "उष्णता अजिबात चालणार नाही तुला. गरमीत जेवढ्या नसा जातील तेवढ्या गेल्या, परत यायच्या नाहीत."

पुढच्या आठवड्यात एसी बसला. मी नोकरी सोडली. पंचवीसच्या आत राहायचं, हा आमच्या घरचा कायदा झाला.

२० एप्रिल, रविवार

हे दिवसभर घरी. बुद्धिबळ. हेच हरले, मुद्दाम.

२६ एप्रिल, शनिवार

परत बर्फ! गॅस भरून अकरा दिवस झाले. कंपनीचा माणूस म्हणे चार दिवसांनी येईल. ह्यांनी गोदामातल्या कुणाला तरी विचारून दुसरा मेकॅनिक आणला. साठीचा माणूस. जिना चढून वर यायला त्याला एवढा वेळ लागला की मला वाटलं मधूनच परत गेला. प्रत्येक वाक्यात 'सावकाश'. सावकाश बघू. सावकाश उघडू. मी मनातल्या मनात त्यांचं नाव सावकाशराव ठेवलं.

पण हात बघण्यासारखा. आधी त्यांनी जुन्या दुरुस्त्यांचे सगळे कागद मागितले आणि चष्मा लावून वाचले. चार वर्षांत सहा वेळा गॅस. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत गोल गोल फिरतो. कमी झाला तर गळतोय, दुसरं काही नाही. आणि कुठं गळतोय ते सहा जणांनी बघितलंच नाही."

ह्यांनी विचारलं की आता भरून देता येईल का, बाकीचं पुढे बघू. ते नाही म्हणाले. भोकाच्या बादलीत मी पाणी घालत नाही, म्हणाले.

मग साबणाचं पाणी. बाहेरच्या युनिटच्या जोडांवर ब्रशने लावलं, काही नाही. नळीच्या नटांवर, काही नाही. शेवटी आतलं युनिट उघडून कॉइलवर लावलं. पंख्यासारख्या पातळ पत्र्यांमधून जाते ती तांब्याची नळी म्हणजे कॉइल. पाच मिनिटं आम्ही तिघं मान वर करून उभे. आणि एका कोपऱ्यात मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. एक, दोन, मग घोळकाच. मला एवढा आनंद झाला की पाय थरथरताहेत हेही विसरले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर काहीतरी शोधून काढलं होतं!

आनंद दहा मिनिटं टिकला. एका जागी डाग देऊन भागणार नाही, तांबं आतून खाल्लं गेलंय, कॉइलच बदलावी लागेल. मॉडेल जुनं. मागवायला आठ-दहा दिवस.

ह्यांनी खुर्चीचा हात धरला.

२७ एप्रिल, रविवार

ह्यांनी कुठून कुठून बर्फाच्या लाद्या आणल्या. परातीत लादी, समोर टेबलफॅन. ओल्या चादरी. बत्तीसवर आकडा थांबला. दुसरा एसी भाड्याने मिळतो का बघून आले, सगळीकडे रांगा. थोरल्या दिरांकडे जाऊन राहूया म्हटलं तर म्हणाले वाटेतच तुला झेपणार नाही.

२८ एप्रिल, सोमवार

हे कामावर गेले. जाताना दारात तीनदा वळले.

दुपारी चौतीस. पलंगावरून मोरीपर्यंत भिंत धरून, मग बसून, मग अक्षरशः रांगत. तिथल्या गार फरशीवर गाल टेकून पडले आणि मोजत राहिले — ही एक नस गेली, ही दुसरी. आत काहीतरी जळतंय असं वाटायचं. ओरडून बोलवावं तर कुणाला? शेजाऱ्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

फोन वाजत होता पलंगावर. किती आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

हात लिहीत नाही नीट.

३० एप्रिल, बुधवार

आज डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी स्वतः. चार वर्षांत पहिल्यांदा. एरवी थंडीत एकदा तपासायला जातो तेव्हा हे बोलतात आणि मी मान हलवते. नंबरसुद्धा फाइल उघडून शोधावा लागला.

विचारायचं एवढंच होतं — या तीन दिवसांत किती नसा गेल्या असतील? म्हटलं, खरं कळू दे. अंदाज बांधून ठेवलेला बरा.

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मी परत सांगितलं. मग त्या हळू म्हणाल्या, "अहो, गरमीनं त्रास वाढतो, आजार वाढत नाही. अंग गार झालं की पाय परत जागेवर येतात. येतात ना? मग गेलं काय?"

मी म्हटलं, म्हणजे काहीच जात नाही?

नाही, म्हणाल्या. पडू नका, पाणी जवळ ठेवा, भर दुपारचं ऊन टाळा, ते सगळ्यांनीच टाळावं. पण सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायला हरकत कसली? गळ्याला ओला रुमाल बांधा. थकलात तर बसा. आणि शेवटी — "तुम्ही नोकरी का सोडली हे मी मागे विचारणार होते."

मी कधीच कसं विचारलं नाही? पण जे माहीतच आहे ते कोण विचारतं?

ह्यांनी त्या दिवशी घाबरून भलतंच ऐकलं असणार. काय ती अवस्था होती त्यांची! आणि मग तेच ओझं चार वर्षं वाहिलं. कळलं की किती हलके होतील.

पण आत्ताच सांगणार नाही. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत, आधी करून बघणार.

१ मे, गुरुवार

प्रयोग पहिला. संध्याकाळी पावणेपाच, बाहेर छत्तीस. ओला रुमाल गळ्याला, पाण्याची बाटली, हातात काठी (माळ्यावरची, पडद्याची). हे सातला येतात.

दार उघडलं. जिना. कठडा धरून एक मजला — अकरा पायऱ्या. चौथ्या मिनिटाला पाय जड. नवव्याला डावा डोळा धुरकट. अकराव्याला पायरीवर बसले. भीतीने नुसतं पाणी पाणी झालं. पण बसून राहिले. मग बुडावरून एकेक पायरी वर सरकत घरी. साठ वर्षांची शाळकरी पोर जणू, नि अजून साठीलाही सात वर्षं आहेत!

मोरीत अंगावर पाणी. ओली चादर. घड्याळ समोर.

चाळीस मिनिटांनी डोळा स्वच्छ. सव्वा तासाने बोटं हलली, मग टाच. पावणेदोन तासांनी मी उठून उभी राहिले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बारा पावलं.

काहीही गेलं नव्हतं.

सातला हे आले. म्हणाले, आज चेहरा बरा दिसतोय. मी हसू दाबलं.

२ मे, शुक्रवार

प्रयोग दुसरा. सकाळी साडेसहा, हे लवकर निघाले होते. दोन मजले. परत यायला तीस मिनिटं, शुद्धीत, स्वतःच्या पायांवर!

३ मे, शनिवार

आज ह्यांना अर्धा दिवस होता, म्हणून ते निघाल्यावर लगेच उतरले. खालपर्यंत. तळमजल्यावर शिलाईची मशीन घेऊन एक टेलरबाई बसतात. चार वर्षांपूर्वी तिथे सायकली असायच्या. मला धाप लागली होती, त्यांनी न विचारता स्टूल सरकवला. विचारलं कुणाकडे आलात. म्हटलं, इथेच राहते, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी मशीन थांबवली.

"तिसऱ्यावर? तिथे तर ते गोदामवाले साहेब राहतात ना? मला वाटलं एकटेच असतात बिचारे."

मी हसले. वर येऊन रडले. पण वर येताना पायऱ्या मोजल्या नाहीत, हे मागाहून लक्षात आलं.

४ मे, रविवार

हे घरी. बर्फ, चादरी. दोनदा तोंडावर आलं होतं ते गिळलं. एसी लागू दे, ह्यांचा जीव जरा थाऱ्यावर येऊ दे, मग सांगू. तोवर टेलरबाईंनी सांगितलेली कोपऱ्यावरची शाळा रोज मनात येते. माझी नव्हे, दुसरी. तिथे प्रयोगशाळा असेलच की.

६ मे, मंगळवार

कॉइल आली. सावकाशराव पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून जिना चढले. हे सुट्टी काढून थांबले होते. जुनी कॉइल काढली, नवी बसवली, आधी नळीत नुसती हवा कोंडून दाब मोजायचा काटा लावला आणि अर्धा तास ती सुई बघत बसले. ह्यांना दम निघेना. त्यांनी मान वर न करता सांगितलं की सुई हलली नाही तरच गॅस भरणार. हलली नाही. मग पंपाने आतली हवा ओढून काढली, तोलून गॅस भरला. नळ्यांना फेस लावून मला बोलावलं — बघून घ्या बाई, तुम्हाला नजर आहे. एकही बुडबुडा नाही.

ते गेल्यावर वीस मिनिटांत तेवीस. ह्यांनी दाराखालची रबराची पट्टी पायाने दाबून बघितली, खिडकीचा सुटलेला चंदेरी कागद चिकटवला. मग पलंगाच्या कडेला टेकले आणि मोठा श्वास सोडला. म्हणाले, "सुटलो. आता पुन्हा पहिल्यासारखं."

उद्या सकाळी चहाबरोबर सांगते.

७ मे, बुधवार

सांगितलं. फोन, प्रयोग, जिना, सगळं. हसत हसत, अगदी एका दमात.

ह्यांना आश्चर्य वाटलं नाही.

कप खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी बाई मलाही हेच म्हणाल्या होत्या. पण तू या खोलीत आहेस एवढं माहीत असलं की मला कामावर घोर नसायचा."