तीन दांड्यांची सायकल

आई,

बाबांची सायकल मुळात तुझी होती, हे मला या आठवड्यात कळलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता हे कळतंय. कळल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं, आणि काल भाजीत मीठ घातलं की नाही हे मला बाबांना विचारावं लागलं.

झालं असं, की धाकट्याने बंगलोरहून हट्ट धरला, बाबांची सायकल मला पाठवून दे. तिथे तो तिला नवे टायर घालून, रंग देऊन चालवणार होता. कल्याणची चाळ सोडल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात, घोडबंदर रोडला, आणि सायकल खाली पार्किंगमध्ये खांबाला टेकून धूळ खात होती. सायकलच्या दुकानातून मोठा खोका आणला आणि धाकटा व्हिडिओ कॉलवर सांगेल तसं मी करत गेले. टायरमधली हवा कमी केली. हँडल सैल करून आडवं फिरवलं. पुढचं चाक काढलं आणि ते धरणारा चिमटा दबून वाकू नये म्हणून त्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला. डावं पॅडल उलट्या बाजूने फिरतं हे मला माहीत नव्हतं, मी ते सोडवायच्या नावाखाली घट्टच करत बसले होते आणि तो तिकडे हसत होता. चेनला जुनं फडकं गुंडाळलं. मग तो म्हणाला, "ताई, दांड्यांना फोमच्या नळ्या चढव, नाहीतर प्रवासात सगळा रंग जाईल. आणि त्याआधी ते आईचं कव्हर काढ."

ते कव्हर तुला आठवत असेलच. दसऱ्याला सायकल धुऊन पुसून झाली की तू तिला हळदकुंकू लावायचीस, हँडलला झेंडूची माळ घालायचीस आणि वरच्या दांडीवर नवं कव्हर शिवायचीस, अंगावर शिवावं तसं, घट्ट टाके घालून. जुनं कधी काढायची नाहीस, त्याच्यावरच नवं. आम्ही दोघं दांडीवर बसायचो, आम्हाला टोचू नये म्हणून तू हे करतेस असं मला वाटायचं. मी कात्री लावली तर एकाखाली एक निघायला लागलं, तुझी हिरवी साडी, माझ्या फ्रॉकचं कापड, उशीचा अभ्रा. हे सगळं बघताना मला भरून आलं होतं. मग सगळ्यात खालची चिंधी सुटली आणि लोखंड दिसलं. दांडीच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचे ओबडधोबड फोड होते. बाकीचे सांधे कारखान्यातले, गुळगुळीत, आणि हीच एक दांडी मागाहून चिकटवलेली. मी फोन जवळ नेला. धाकटा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, ही लेडीज सायकल आहे. वरची दांडी नंतर टाकलीय."

आम्ही काय मिरवायचो आई! चाळीत सगळ्यांच्या सायकली दोन दांड्यांच्या, आमची तीन दांड्यांची, स्पेशल मॉडेल. बाबाही तसंच सांगायचे आणि तू आत भाकऱ्या थापत ऐकायचीस.

मी तशीच काळ्या हातांनी वर गेले. बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं तर म्हणाले, "हो, तिचीच ती. बालवाडीची नोकरी लागली तेव्हा तुझ्या आजोबांनी घेऊन दिलेली." बसचा नंबर सांगावा इतक्या सहज. कल्याणहून आंबिवलीला तू रोज सायकलवर जायचीस, लग्नानंतरही वर्षभर. मग बाबांची कंपनी बदलली, ती लांब पडायला लागली आणि घरात वाहन एकच. लेडीज सायकलवरून गेलं की गेटवरचे लोक हसायचे, म्हणून त्यांनी दांडी टाकून घेतली.

"मग आई कशी जायची?"

"कशी म्हणजे? सोडली ना तिने नोकरी. तीच म्हणाली, तुम्ही न्या."

आम्हाला तू कायम सांगत आलीस, बालवाडी लांब पडायची म्हणून सोडली. मी कधी विचारलं नाही की लांब म्हणजे किती, आणि आधी कशी जायचीस. खरं सांगू, सायकल देणं मी समजू शकते. त्यांचा पगार जास्त, घर चालायला हवं. पण दांडी? सायकल संध्याकाळी घरी यायची. रविवारी दिवसभर दाराशी उभी असायची. साडी नेसून त्या दांडीवरून पाय टाकणं तुला शक्यच नव्हतं. त्यांनी तुझा रविवारही नेला, आणि तू वेल्डिंग कुणाला दिसू नये म्हणून दरवर्षी त्याला नवं कव्हर शिवत राहिलीस. मला बाबांचा राग आला आहे, पण त्याहून तुझा जास्त आला आहे.

मी सहावीत होते. चाळीतली मुलं दांडीखालून पाय घालून सायकल शिकायची, आपल्या सायकलीत तिथे तिरकी दांडी आडवी यायची. तरी मी खटपट करत होते. तू बाहेर आलीस, माझ्या हातातून हँडल काढून घेतलंस आणि म्हणालीस, "आपल्याला काय करायचीय सायकल?" मी रडत आत जातेय आणि तू एका हाताने सायकल वळवतेस, खाली न बघता पायाने स्टँड लावतेस. इतक्या सफाईने ते बाबांनाही जमायचं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला काहीही कळलं नव्हतं.

सायकल मी पाठवली नाही. सगळी परत जोडून घेतली आणि ग्रिल बनवणाऱ्याकडे नेऊन वरची दांडी कापून टाकली. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? धाकटा चिडला. त्याला आपली लहानपणचीच हवी होती, तीन दांड्यांची. त्यालाही मी काय म्हणणार, तो त्याच दांडीवर बसून शाळेत गेला. शेवटी म्हणाला, ठेव तुझ्याकडेच.

बाबांना खाली नेऊन दाखवली. मला वाटलं होतं ओशाळतील, किंवा ओरडतील. त्यांनी तिरक्या दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अशीच होती. आंबिवलीच्या फाटकापाशी मी उभा राहायचो. लांबून यायची, पदर खोचलेला. तेव्हा ओळखसुद्धा नव्हती आमची." लिफ्टमध्ये मला म्हणाले, "मी तिला परत तसं कधी बघितलं नाही गं." जणू ते कुणा दुसऱ्यानेच केलं होतं.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार होते, पण फोटो रोज बाबाच पुसतात, त्यांच्या हाती लागेल. तेव्हा तुला वाचून दाखवलं की फाडीन. एक मात्र तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. सगळा जन्म मी म्हणत आले, मला घरच्यांनी सायकल शिकू दिली नाही. आज दुपारी पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी सीटवर बसले. मधे दांडी नव्हती, अडवायला कुणी नव्हतं, हँडल हातात होतं. आणि आई, मी दोन्ही पाय जमिनीवरून उचललेच नाहीत.