चढवलेला गोटा उतरवत नाहीत

१२ जानेवारी २०२६, सोमवार

विसरलास ना? काल संध्याकाळी एवढं सांगितलं, आणि आज सकाळी तुले हातात घेऊन विचारते, बोल वहीबाबा, काय बोलली होती मी — तर चूप! रेणू घरात नसली की तुले काही म्हणता काही आठवत नाही. ती वावरातून आली, चष्मा लावला, की धाडधाड बोलायला लागतोस. तुझी आठवण काय माझ्या सुनेच्या चष्म्यात ठेवली हाय?

तर पुन्हा सांगते. मी आनंदाबाई बोलते, रेणू लिहिते. ती माझं बोलणं सरळ करून लिहिते. थोडं वाकडं राहू दे म्हटलं, नाहीतर लोकं म्हणतील ही कोणती मास्तरीण!

कालची गोष्ट ही की शकुनले तिचा लेक अमर नागपूरले नेऊन राहिला. कायमची. शिवरात्र झाली की.

शकुन आणि मी, दोघी एकोडीच्या लेकी. एकाच उन्हाळ्यात लग्नं झाली. मले पहाडीच्या पायथ्याशी दिलं, तिले वरच्या टोलीत, पहाडीवरच्या लहानशा वस्तीत. टोलीच्या थोडं वर महादेव. शिवरात्रीले गावागावाचे पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, येतात — त्रिशूळ खांद्यावर, गाणी म्हणत, पायी — आणि शकुनच्या अंगणात जेवतात. सासू करत होती, म्हणून ही करते. कोणी सांगितलं नाही, कोणी पगार देत नाही. "महादेव पाहुणे धाडते, मी का दार लावू?" म्हणते.

पण मागच्या श्रावणात पाणी असं कोसळलं की वाटेचं मधलं वळणच खचून गेलं. आता तिथे झाडाच्या मुळ्या धरून चढा लागते. सिलिंडर जात नाही, राशन जात नाही, बिमार माणूस उतरत नाही. एक एक घर खाली येऊन राहिलं, पहिलं मंगरूचं. अमर परवा इथेच बसला होता ओसरीत. म्हणे, "मावशी, वाट नाही, शेजार नाही. आईले वर कोणाच्या भरवशावर ठेवू?"

मी त्याले भरपूर रागावली. पोरगं खरं बोलत होतं. म्हणूनच रागावली.

१३ जानेवारी

गुडघे. रेणूनं तेल चोळलं. तेल चांगलं हाय, हात लोहाराचा हाय. (हेही लिही म्हटलं. लिहिलं तिनं, पण तोंड फुगवून.)

१४ जानेवारी, संक्रांत

शकुनचा फोन आला! टोलीत एकाच दगडावर रेंज येते. शेजारची शुभांगी तिले हात धरून तिथे चढवते आणि फोन कानाले लावते.

"आनंदे, जिवंत हायेस का?"

"तुले पोचवल्याशिवाय कशी मरू?"

मग तीळगूळ खाल्ला का, दात किती राहिले, असं सगळं. अमरचं नाव तिनं काढलं नाही. मीच काढलं. तर म्हणते, "लेक हाय. नेईन म्हणते तर जाईन. नागपूरले नळाले पाणी हाय म्हणे घरात." नळाचं पाणी! चाळीस माणसांचा भात एका हातानं उतरवणारी बाई, आणि मले नळाचं कौतुक सांगते. आवाज ओला होता. सर्दी हाय म्हणे. हो, सर्दीच.

फोन ठेवता ठेवता हसली. "बाकी इथे गोट्याची काही कमी नाही वो. देवाच्या दारात गोटेच गोटे, आणि वाटेत एक नाही! महादेवाले का आता बंगला बांधाचा हाय?"

मी पण हसली तेव्हा.

१९ जानेवारी, सोमवार

आज नाल्याजवळ बसून होती. सोमवारचे लोक वर जाऊन राहिले होते.

आमच्याकडे रीत हाय. पहाडी चढणाऱ्यानं पायथ्याच्या नाल्यातून एक गोटा उचलायचा आणि वर न्यायचा. जुने लोक वाटेसाठीच नेत असतील; जिथे वाट खचली तिथे ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय सुटत नाही. पण कधीतरी कोणीतरी म्हटलं असेल, जितका वर नेला तितकं पुण्य जास्त. झालं! अर्ध्यात ठेवला तर नवस अर्धा. मग कोण ठेवते अर्ध्यात? सगळे गोटे थेट देवाच्या दारात. मी स्वतः किती नेले! माझा लेक धर्मेंद्र व्हायच्या आधी नेला तो तर असा होता की कंबर मोडली. म्हणूनच हा डोक्यानं असा — गोट्याच्या नवसाचा.

तर मी पाहून राहिली होती. एक बाई, कडेवर लेकरू, हातात गोटा. खचलेल्या वळणावर आली. एका हातानं मुळी धरली, घसरली, पुन्हा चढली, पण गोटा सोडला नाही. तिथे ठेवला असता तर तिचाच पाय टिकला असता. वर घेऊन गेली.

आणि मले शकुनचं हसणं आठवलं. आपण सगळ्यांनी मिळून पिढ्यान् पिढ्या वाट उचलून देवाच्या दारात नेऊन टाकली! आता नाल्यातही चपटे गोटे उरले नाहीत, गोल गोल तेवढे राहिले. बसवायला गेलं की गडगडतात.

२० जानेवारी

धर्मेंद्रले म्हटलं, वरचे गोटे खाली आणू, वळण भरू. खाली उतरवणं सोपं. आधी हसला. मग म्हणे, "माय, गोष्ट बरोबर हाय. पण मारोतकाका फाडून खातील."

मारोतराव देवस्थान पाहतात. माझे गावनात्यानं दीर. दात दोनच हायेत, फाडतील कशानं?

२२ जानेवारी

आले. मारोतरावांनी चहा घेतला नाही. म्हणजे खरंच रागात होते.

"वहिनी, चढवलेला गोटा उतरवत नाहीत."

"काहून?"

"काहून म्हणजे? देवाचं झालं ते."

"भाऊजी, नारळ चढवला तर देवाचाच होते ना? मग फोडून खाली काहून आणता? मागच्या शिवरात्रीले तुमीच तीन वाट्या खोबरं खाल्लं."

"तो प्रसाद हाय!"

"मग हा पण प्रसादच. वाटाचा असते प्रसाद. ढीग करून ठेवाचा नसते."

रेणू आतून फिस्स करून हसली. मारोतराव हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "वहिनी, त्या ढिगात रुखमिणीचा गोटा हाय."

रुखमिणी त्यांची बायको. छातीत पाणी झालं होतं तिले. शेवटच्या शिवरात्रीले, दर चार पावलांवर बसत बसत, तांबडा गोटा पदरात घेऊन वर गेली होती. मीच सोबत होती. पावसाळा तिनं पाहिला नाही.

"तिनं देवाजवळ ठेवला. मी कोणाच्या पायाखाली आणू?"

माझ्याजवळ तोंड भरून बोलणं होतं, सगळं गिळलं. एवढंच म्हटलं, "ती हात धरून माणसं चढवणारी बाई होती, भाऊजी. तुमालेच माहीत."

चहा थंड झाला. तसाच सोडून गेले.

२६ जानेवारी, सोमवार

काही नाही. मारोतराव बोलत नाहीत. गावात दोन तट. काही म्हणतात म्हातारी बरोबर बोलते, काही म्हणतात देवाच्या वस्तूले हात लावला तर पाऊस येणार नाही. मागच्या श्रावणात हात न लावताच आला होता ना इतका!

खरं सांगू? मलेही भेव वाटते. दुसऱ्याले हसवून बोलणं वेगळं, आणि महादेवाच्या दारातून काही उचलणं वेगळं. रेणूले म्हटलं, पाप असन तर माझ्या नावावर लिही. रेणू म्हणे, "आई, तुमच्या नावावर आता जागा नाही." पाहा, कशी शिकली हाय बोलायले! मीच शिकवलं.

अमरचा फोन. सामान न्यायले गाडी सांगून ठेवली म्हणे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगताना मले थांबा लागून राहिलं. रेणू, घाई करू नको.

मारोतराव सकाळीच एकटे वर गेले. कोणाले काही बोलले नाहीत. शकुननं टोलीतून पाहिलं, तिनंच फोनवर सांगितलं. देवाच्या दारात बसले, ढिगातला एक एक गोटा बाजूले करून राहिले. तांबडा सापडला. त्याले पाण्यानं धुतलं, कुंकू लावलं, धोतराच्या ओच्यात घेतला आणि उतरले. वळणावर आले. हातानं माती उकरली आणि तिथे बसवला. वर उभं राहून पाहिलं, हालते का. हालत नव्हता.

मग खाली माझ्या ओसरीत आले. हात मातीचे. म्हणे, "वहिनी, चहा ठेवा."

ठेवला. साखर जास्त टाकली. डोळे कोरडे नव्हते त्यांचे, आणि माझं काही विचारू नको.

३ फेब्रुवारी

आज अर्धं गाव वर!

९ फेब्रुवारी, सोमवार

आठवडा झाला, लोक ओळीनं उभे राहून गोटे खाली देऊन राहिले. देवाच्या दारापासून वळणापर्यंत, या हातातून त्या हातात. प्रत्येक गोटा आधी कपाळाले लावतात. कोणी म्हणते हा माझ्या आज्याचा, कोणी म्हणते हा माझ्या पोरीच्या नोकरीचा. सगळं खोटं! गोटा का कोणाले ओळखू येते? पण म्हणू द्या.

अमर आईचं बोचकं बांधायले आला होता. ओळीत माणूस कमी पडला म्हणून कोणीतरी त्याले उभं केलं. दोन दिवस हात सोलून निघाले पोराचे. शुभांगी म्हणे, शकुनही गोटे द्यायले उभी राहते, आणि ज्याच्या हातात देते त्याले म्हणते, "हळू, नवस हाय, बटाटा नाही."

मी खाली बसून भाकरी थापून राहिली. गुडघ्याले शिव्या देऊन राहिली.

१५ फेब्रुवारी, शिवरात्र

वर आली! मी! (रेणूच्या हातात तू, आणि मी शकुनच्या खाटेवर.)

धर्मेंद्र म्हणे, पाठीवर घेतो. म्हटलं, मी का सिलिंडर हाय? बसत बसत आली. वळणावर पाय ठेवला — पक्का. तांबडा गोटा दिसला. पाय वाचवून जावं म्हटलं, तर मागून मारोतराव, "ठेवा वहिनी, ठेवा. त्यासाठीच हाय." ठेवला. पायाले गार लागला.

पोहे आले. दरवर्षीपेक्षा जास्त. त्रिशूळ उन्हात चमकून राहिले, हर हर महादेवनं पहाडी हालून गेली. शकुनच्या अंगणात सुकल्या शिंगाड्याचा शिरा, उकडले रताळे, ताक. ती चुलीपाशी, मी वाढायले. शिरा जरा लागला होता खाली. सांगितलं तिले. "तुले फुकट मिळून राहिला, गप खा," म्हणे. सगळ्यांसमोर!

टोलीतून उतरलेले लोकही आले होते. आपापल्या बंद घरांची कुलुपं उघडून पाहत होते. एक दोघांनी झाडूनही काढलं.

१६ फेब्रुवारी

पारणं झालं. पोहे उतरले. अंगण असं मोकळं पडलं की आवाज आला नुसता पत्रावळीचा.

शकुननं लुगड्यांचं गाठोडं आणून उंबऱ्यात ठेवलं. अमर बाजूले उभा. त्याचंही तोंड उतरलं होतं. म्हणे, "मावशी, वाट झाली, खरं हाय. मी पण गोटे वाहिले. पण बाकीची घरं कधी येतील, येतील का नाही, कोण सांगते? शुभांगी दिवसभर वावरात. आईले फेफरं येते, चूल पेटती असते. तिच्याजवळ कोण?"

चांगला पोरगा हाय. तेच तर दुखते. वाईट असता तर दोन शिव्यांत काम झालं असतं.

शकुन तिकडे चूल सारवून राहिली होती. उद्या जायचं, आणि आज चूल सारवते!

रेणू आणि धर्मेंद्र सकाळी उतरतात. मी म्हटलं, वही इथेच ठेवून जा, मी मागून आणते. रेणूनं माझ्याकडे कसं तरी पाहिलं. ओळखते ती मले.

१९ फेब्रुवारी

आजचं शुभांगीच्या हातचं. उद्या ती तुले खाली पोचवते, अक्षर कसं हाय ते रेणू सांगेल.

अमर परवा एकटाच गेला नागपूरले. मी त्याले म्हटलं, जवळ कोण विचारत होतास ना, ही बसली हाय खाटेवर. शकुननं गाठोडं सोडलं. त्यातलं एक लुगडं मले दिलं नेसायले, तेही फाटकं.

रेणू, रडू नको, आणि धर्मेंद्रले न्यायले धाडू नको. सोमवारी कोणी चढत असन त्याच्याजवळ जवसाची चटणी धाड — लसूण जास्त, तिखट कमी, शकुनचे दात नाहीत. आणि दोघींपुरती धाडू नको. मंगरूचं घर काल परत आलं.