लाल झेंड्याच्या पलीकडं

शनिवार, १० जानेवारी २०२६

श्रुतीनं सरप्राइज दिलं. प्रजासत्ताक दिनाचा लाँग वीकएंड, अलिबागच्या पुढं समुद्रावर रिसॉर्ट, तीन दिवस. मी, रंजिता आणि ती. बुकिंग करून मोकळी, मला न विचारता. फोटोत स्विमिंग पूल दिसतो, पाणी किती खोल याची पाटी दिसत नाही. तरी काही बोललो नाही. सत्तावीस वर्षांची मुलगी आईबापांना फिरायला नेतेय, कौतुक आहे.

तिथं बीचवर बगी चालवायला मिळते. चार जाड चाकं, वर नुसता पाइपांचा सांगाडा, वाळूतून सुसाट जाते. फोटो बघताच ठरवलं. चालवणार मीच. तळोज्याच्या केमिकल प्लँटमध्ये अठरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. बगीला घाबरणारा माणूस मी नव्हे.

श्रुती म्हणाली, तिथं मला तुमच्याशी जरा निवांत बोलायचंय बाबा. बहुतेक टर्म इन्शुरन्सचं असणार. कागद काढून ठेवतो.

रविवार, ११ जानेवारी, सकाळी ८

सराव सुरू. २०१७ नंतर गाडी चालवलेली नाही. स्वेच्छेनं सोडली. बेलापूरला आमच्या सेक्टरच्या वळणावरचा खांब चुकीच्या जागी होता. तो अजून तिथंच आहे. चूक सुधारायची वृत्तीच नाही कुणात.

आज पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसून वीस मिनिटं स्टीअरिंग फिरवलं. इंजिन बंद ठेवून. पेट्रोल वाचतं आणि लक्ष विचलित होत नाही. वॉचमननं वर जाऊन रंजिताला सांगितलं की साहेब गाडीत अडकलेत.

मंगळवार, १३ जानेवारी

बगी चालवण्याचे नऊ व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत लोक ओरडताना दिसतात. पूर्वतयारी नसली की असं होतं.

रंजिता म्हणाली, श्रुती तिथं काही सांगेल तेव्हा नीट ऐकून घ्या, मधे बोलू नका. मी कधी मधे बोलतो, असं मी तिला लगेच विचारलं. ती म्हणाली, माझं वाक्य अजून व्हायचं होतं.

शनिवार, १७ जानेवारी

संकल्प: मानेचे व्यायाम. खडबडीत जमिनीवर मान मजबूत लागते. डावीकडं दहा वेळा, उजवीकडं सहा वेळा.

सातव्यांदा लचकली.

मंगळवार, २० जानेवारी

मानेला पट्टा. प्लँटमध्ये सगळ्यांनी विचारलं काय झालं. प्रिव्हेन्टिव्ह आहे म्हणालो. मेंटेनन्सचे लोक हसले. त्यांना प्रिव्हेन्टिव्ह हा शब्द कधी कळलाच नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

बॅग भरली. हेल्मेट दोन, गॉगल दोन, शिट्टी, टॉर्च, प्लँटमधला उंचीवर काम करायचा सेफ्टी बेल्ट, हुकासकट. कपडे रंजिताच्या बॅगेत बसतील असं वाटलं होतं. बसले नाहीत. दोन शर्टांत भागवीन.

शनिवार, २४ जानेवारी, संध्याकाळी

पोहोचलो. वडखळला दोन तास ट्रॅफिक. गाडी श्रुतीनं चालवली, मी शेजारी बसून ब्रेक लावत होतो. माझ्या बाजूला पेडल नाही, तरी सवय चांगली.

जेवताना ती म्हणाली, बाबा, मी काय म्हणत होते. नेमका तेव्हाच मला हॉटेलच्या भिंतीवर उघडा स्विचबोर्ड दिसला. मॅनेजरला बोलावून समजावून सांगेपर्यंत सोलकढी संपली आणि तिचा मूडही गेला. संध्याकाळी किनाऱ्यावर तिनं परत विषय काढला. मी टाचेनं वाळूचा कडकपणा तपासत होतो. एका वेळी एकच काम नीट होतं, हे मी तिला सांगितलं. ती हसली आणि आईकडं बघत राहिली. दोघींचं काहीतरी चाललंय. माझ्या रिटायरमेंटची पार्टी असावी, पण रिटायरमेंटला अजून अडीच वर्षं आहेत.

रविवार, २५ जानेवारी, सकाळी ११

बगीची तपासणी केली. एक्केचाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट बरोबर होतीच. बग्या निशिगंधा नावाच्या बाईंच्या आहेत. इथल्याच, गावातल्या. साडी खोचलेली, डोक्यावर टोपी, स्वतः पाना घेऊन नट आवळतात. पहिल्या सहा मुद्द्यांत बगी नापास. अग्निशामक कुठं आहे विचारलं. त्यांनी समुद्राकडं हात केला. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली होती, म्हणून उरलेले पस्तीस मुद्दे नजरेनंच तपासले.

त्यांनी सूचना दिली, ती शब्दशः लिहून ठेवतो: "काका, लाल झेंड्याच्या पलीकरं जाव नका. तिथली वालू नरम हाय, गारी रुतंल. आन तीनच्या पुढं पानी भरतं."

मी म्हटलं, अशा सूचना मी रोज चारशे कामगारांना देतो. ऐकतात किती, त्यांनी विचारलं. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली, त्यामुळं उत्तर राहून गेलं.

अडीचची वेळ घेतली आहे. सीट दोनच. रंजिता म्हणाली, मी सुरूच्या झाडाखाली बसते, श्रुती तुमच्याबरोबर येईल. हे तिनं जरा जास्तच पटकन ठरवलं.

संध्याकाळी ६

जे झालं ते क्रमानं लिहितो. अक्षर हललंय, कारण बाल्कनीत वारा आहे.

बगीतल्या पट्ट्याचं बकल मला पटलं नाही. म्हणून वरून प्लँटचा बेल्ट घातला आणि त्याचा हुक सीटच्या मागच्या पाइपात अडकवला. म्हणजे श्रुतीकडून अडकवून घेतला, माझी मान वळत नव्हती. निघालो. कंट्रोल उत्तम. एक घोडागाडी आम्हाला ओलांडून पुढं गेली, पण घोडा तरुण होता. श्रुतीनं दोनदा विचारलं, बाबा, अजून थोडं जोरात जायचं का. मी म्हटलं, वेग हा आपोआप येतो.

साधारण दहाव्या मिनिटाला तिनं हेल्मेट काढलं. मी घालायला सांगणार होतो.

"बाबा, मला नेदरलँड्समध्ये नोकरी लागलीय," ती म्हणाली. "व्हिसा आला. चौदा फेब्रुवारीला निघतेय."

मी ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता. दोन्ही पेडल एकाच रंगाची ठेवणं हा सरळसरळ डिझाइन डिफेक्ट आहे. लाल झेंडा डाव्या हाताला दिसला, मग मागं गेला. पुढं पन्नास मीटर असतील, बगी एका बाजूला कलली आणि पोटापर्यंत वाळूत बसली. चाकं फिरत राहिली. जेवढी फिरली तेवढी खाली गेली. शेवटी श्रुतीनं हात घालून चावी बंद केली.

ती उतरली. मला उतरता येईना. बगीतला पट्टा निघाला, पण प्लँटचा हुक पाठीमागं, हाताच्या बाहेर. मान वळत नाही, हात पोहोचत नाही. शिट्टी बॅगेत, बॅग रंजिताकडं. लांब बग्यांच्या स्टँडवर माणसं मुंगीएवढी दिसत होती. त्यांतलं एक हात हलवून ट्रॅक्टरकडं पळालं. होड्या ओढायचा ट्रॅक्टर. त्याला यायला वेळ होता.

मी श्रुतीला म्हटलं, हुक काढ.

तिनं हुकाकडं बघितलं, मग पाण्याकडं. पाणी अजून आमच्या सोसायटीच्या गेटपासून रस्ता जितका लांब, तितकं असेल.

"काढते," ती म्हणाली. "पण आधी ऐका."

मग ती बोलली. चाकावर हात ठेवून, शांतपणे, जसं ती ऑफिसात बोलत असेल. तिला दोन वर्षांपूर्वी बंगळुरूची नोकरी मिळाली होती, तेव्हा मी अकरा पानांचा रिस्क रिपोर्ट लिहून, स्पायरल बाइंडिंग करून तिच्या उशाशी ठेवला होता. तो वाचून ती गेली नाही. रिपोर्ट चांगला होता, असं मी म्हणालो. हो, चांगला होता म्हणून तर राहिले, ती म्हणाली. आणि नंतर रोज सकाळी ऑफिसला जाताना वाटायचं की जायला हवं होतं. या वेळी आईला दिवाळीतच सांगितलं. स्मितामावशीला माहीत आहे. शेजारच्या क्षिप्रालाही माहीत आहे. तुम्हाला आठ वेळा सांगायला आले. तुम्ही दर वेळी उठून काहीतरी तपासायला गेलात.

आज उठता येत नव्हतं.

"तुम्ही घाबरता, बाबा," ती म्हणाली. "आणि त्याला माझी सेफ्टी म्हणता. मी परवानगी मागत नाहीये. सांगतेय."

माझ्याकडं उत्तरं होती. निदान दहा-बारा मुद्दे होते. एरवी मी असे मुद्दे झोपेतही मांडतो. तेवढ्यात पहिली लाट मागच्या चाकाला लागली, दुसरी माझ्या बुटात शिरली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थंडी असेल तिथं."

"असेल," ती म्हणाली.

मग ती घोटाभर पाण्यातून मागं आली आणि तिनं हुक काढला. एक सेकंद लागला. माझे पाय बसून बसून बधिर झाले होते. तिच्या खांद्यावर हात टाकून कोरड्या वाळूपर्यंत आलो. लहानपणी पोहायला शिकवताना मी तिला असंच धरून आणायचो, हे आठवलं. आठवायचं काही कारण नव्हतं.

निशिगंधाबाईंनी दोर बांधून बगी ओढून काढली. झेंड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला टॉवेल दिला, चहा दिला. रंजितानं सांगितलं असावं, कारण श्रुतीला विचारलं, लांब जातेस का गं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काकांना बसू दे जरा. पानी लय गार हाय." पाणी कोमट होतं. मी तसं सांगितलं नाही.

नोंद: हा अपघात नाही. घटना आहे. जखमी शून्य.

सोमवार, २६ जानेवारी

सकाळी नाश्त्याला जाहीर केलं की सर्व बाजूंचा विचार करून मी श्रुतीच्या जाण्याला मंजुरी देत आहे. श्रुती पोहे खात होती, खात राहिली. रंजितानं चटणी मागितली.

परतताना श्रुतीनंच गाडी चालवली. मी ब्रेक लावला नाही. दोनदाच.

शनिवार, ३१ जानेवारी

नेदरलँड्सचा अभ्यास सुरू. निम्मा देश समुद्रसपाटीच्या आसपास किंवा खाली. लोक तिथं मुद्दाम राहतात. सगळीकडं सायकली, त्याही हेल्मेटशिवाय. बर्फात घसरणं हा वेगळा चॅप्टर होईल. बावीस पानांचा रिपोर्ट करायचं ठरवलं आहे. या वेळी भीती घालायची नाही, फक्त माहिती द्यायची.

रविवार, ८ फेब्रुवारी

रिपोर्ट चार पानांवर थांबला. प्रिंटरची शाई संपली. तरी ती चार पानं द्यायला तिच्या खोलीत गेलो. कपाट उघडं होतं, रिकामं. तळाच्या फळीवर फक्त वर्तमानपत्र अंथरलेलं. ती पलंगावर बसून बॅगेच्या खिशात मोजे कोंबत होती. काय आहे हातात, तिनं विचारलं. सोसायटीचं सर्क्युलर, मी म्हणालो. पाण्याची टाकी धुणार आहेत.

मग तिथं उभा राहिलो. तिनं मोजे धरायला दिले, ते धरले.

शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी

एअरपोर्टवर सोडलं. दुपारची फ्लाइट. निरोपाच्या भाषणाचे सात मुद्दे तयार होते, कागद खिशात होता. गेटवरच्या जवानानं तिकीट नसलेल्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तिनं आईला मिठी मारली, मग मला. मी म्हणालो, बॅगेची चेन नीट लाव. ती म्हणाली, लावली. काचेच्या आत गेल्यावर ती वळून हात हलवत होती म्हणे. माझी मान अजून पूर्ण बरी नाही, मी वर छताकडं बघत होतो.

येताना गाडी मीच आणणार, हे कालच जाहीर केलं होतं. पार्किंगमध्ये सीटवर बसलो, आरसे लावले, सीट पुढं-मागं केली. पंधरा मिनिटांनी रंजितानं फोनवरून ड्रायव्हर बोलावला. मी मागं बसलो. ती पण मागंच येऊन बसली.

रविवार, १५ फेब्रुवारी, दुपारी २

श्रुतीचा व्हिडिओ कॉल. पोहोचली, फ्लॅटवर आहे. चेहरा दमलेला, पण हसत होती. मागं खिडकी, खिडकीत झाड, झाडाला एक पान नाही. तिनं पूर्ण घर दाखवलं. मी शेवटपर्यंत बघितलं. मग विचारलं की आग लागली तर बाहेर पडायला जिने किती आहेत.

"दोन आहेत, बाबा," ती म्हणाली. "आल्या आल्या दोन्ही उतरून बघितले."

पुढचं काय विचारायचं ते सुचेना. फोन रंजिताकडं दिला.